डाव्या हाताचा कोन

४ फेब्रुवारी

वहिनींना नमस्कार,

अक्षर बघून घाबरू नका, प्यायलेलो नाही. डावा हात कागद धरून ठेवत नाही, त्यामुळे कागद पळतो आणि मी त्याच्या मागे. फोन केला होता. तुम्ही उचलत नाही हे आता अंगवळणी पडलंय. दादा गेल्यापासून या घरचा फोन तुम्हाला सोसत नाही, हे मी आईलाही समजावून सांगतो.

झालं असं. क्लबच्या दारावर उभा होतो. चौघं आले, आधीच तर्र. मी म्हटलं, "उद्या या." त्यातला एक शहाण्यासारखा मागे फिरला. मला वाटलं गेला. तो गाडीतून नळाचा पाइप घेऊन आला. डोक्यावरचा घाव मी डाव्या हातावर घेतला. ओली फांदी मोडल्यासारखा आवाज झाला, आणि तो माझ्या हातातून आला हे कळायला जरा वेळ लागला. उजवा हात मात्र रिकामा बसला नाही. त्याचं तोंड असं फोडलं की दाताचा तुकडा माझ्या मुठीत रुतून बसला. डॉक्टरांनी चिमट्याने काढून ताटलीत टाकला, टिंग वाजला.

कोपराखालची दोन्ही हाडं मोडली होती. पट्ट्या घालून जोडलीत, पण तळवा पालथा होत नाही. मालक म्हणाला, "मोडका माणूस दारावर शोभत नाही," आणि मला वर कॅमेऱ्याच्या खोलीत बसवलं. पडद्यावर जे दिसेल ते टाइप करायचं: कोण आला, कोणी कोणाला मारलं, कोणाला बाहेर फेकलं. साधा कीबोर्ड समोर घेतला की डावा खांदा कानापर्यंत येतो. तासाभरात डोळ्यांत पाणी.

तुमच्याकडे मधोमध कापलेला एक कीबोर्ड होता ना? दादा म्हणायचा, "बायकोने कीबोर्डचासुद्धा घटस्फोट करून टाकलाय." तो कुठे मिळतो? मला जमेल का?

आई बरी आहे. तुमची आठवण काढते.

तुमचा धाकटा दीर

१२ फेब्रुवारी

प्रिय भाऊजी,

पत्र दोनदा वाचलं. तुम्ही दोघे भाऊ लहानपणी काय खात होतात देवाला माहीत, हात आधी आणि डोकं मागाहून.

कीबोर्ड तुम्ही विकत घेऊ नका, मी जुळवून पाठवते. दिवसभर मालिकांच्या संवादांचं भाषांतर टाइप करून पोट भरणाऱ्या बाईकडे सुटे भाग भरपूर असतात. पण आधी एक करा. कोपर कमरेला चिकटवा, मुठीत पेन्सिल उभी धरा, अंगठा वर. आता तळवा हळूहळू जमिनीकडे वळवा. पेन्सिल कुठे अडते ते सांगा. जोर लावायचा नाही! मी तुम्हाला ओळखते.

आता निवडीचं. पहिली गोष्ट, रंगीत दिवे लुकलुकतात त्याच्या मोहात पडू नका, ते कीबोर्ड नाही, ती वरात आहे. दोन वेगळे भाग हवेत, म्हणजे हात खांद्यांच्या रुंदीवर राहतात. आतला काठ वर उचलता आला पाहिजे, म्हणजे तळवा पूर्ण पालथा करावा लागत नाही. कळांच्या उभ्या ओळी बोटांच्या लांबीनुसार वरखाली असाव्यात. आणि दोन्ही अंगठ्यांना त्यांच्या त्यांच्या कळा हव्यात. एरवी सगळ्या हातात राबतात त्या करंगळ्या, आणि अंगठे बसून असतात.

कळेखालचे स्विच तीन तऱ्हेचे. एक सरळ खाली जातो, एकाला अर्ध्यावर बारीकशी टिचकी लागते, एक टकटक आवाज करतो. तुम्हाला टिचकीचा, हलक्या स्प्रिंगचा. टिचकी लागली की अक्षर उमटलेलं असतं, पुढे दाबायची गरज नाही. तुम्ही दार फोडल्यासारख्या कळा दाबता, तळापर्यंत. ती सवय मोडायची.

मला हे सगळं कसं माहीत म्हणाल तर टाइप करून करून माझाही डावा हात गेलाच की.

फोनचं वाईट वाटून घेऊ नका. तुमचा आवाज फोनवर अगदी ह्यांच्यासारखा येतो. म्हणून पत्रच लिहा.

तुमची वहिनी

२० फेब्रुवारी

वहिनी,

पेन्सिल मधेच अडते. अंगठा वर असतो तिथून थोडीशी कलते आणि बस्स, खिळा ठोकल्यासारखी. जोर लावला. (तुम्ही ओळखताच.) फिजिओबाईंनी झापलं.

आवाजाचं वाचून डोळे भरून आले. सहा वर्षं झाली तरी तुम्हाला दादाचा आवाज सोसवत नाही. अशी बायको नशिबाने मिळते.

एक सांगू की नको असं चाललं होतं. तो ड्रायव्हर तुरुंगातून सुटलाय. काल बाजारामागच्या टायरच्या दुकानात दिसला, ट्रकचं चाक खोलत होता. केस पिकलेत. हातात तसाच पाना, वहिनी. तसाच चार तोंडांचा, ज्याने गाडी लावण्याच्या जागेवरून झालेल्या भांडणात त्याने दादाचं डोकं फोडलं. मी रस्त्याच्या पलीकडे उभा राहिलो. तो शिटी वाजवत होता. माझा भाऊ मातीत आणि हा शिटी वाजवतोय!

रात्री कामावर पडद्यावर एक मारामारी बघितली. दोघांनी एकाला भिंतीशी धरलं आणि तिसऱ्याने लाथा घातल्या. आवाज येत नाही, नुसतं तोंड उघडतं आणि मिटतं. मला खाली जायला परवानगी नाही. उजव्या हाताच्या एका बोटाने टाइप केलं, "बरगड्या, बहुधा."

दीर

२ मार्च

भाऊजी,

खोकं पाठवलंय. वायर आधी जोडा. दोन भागांमधली वायर वीज चालू असताना काढायची नाही, आतला बोर्ड जळतो. मी एक जाळलाय.

दोन्ही भाग सारखे लावायचे असं कुठे लिहिलेलं नाही. उजवा जरासा उचला, पुरे. डाव्याच्या खाली कॅमेऱ्याच्या स्टँडचं डोकं बसवलंय. तो जवळजवळ उभाच करा, अर्धवट उघडून टेबलावर ठेवलेल्या पुस्तकाच्या पानासारखा. विचित्र दिसेल, दिसू द्या. माझा डावा भाग मी तितकाच उभा ठेवते. मनगट कशावरही टेकवायचं नाही. स्पेस आणि एन्टर अंगठ्यांवर दिलेत.

मराठी टाइप करताना काने-मात्रे सगळे डाव्या हाताला येतात आणि व्यंजनं बहुतेक उजव्या. म्हणजे तुमच्या मजकुरातून आधी काने-मात्रे गळतील. घाबरू नका. रोज मला एक पान लिहा, हाच सराव. स्विच जड वाटला तर चिमट्याने उपटून दुसरा बसवा. जादाचे पाकिटात आहेत, सोल्डर लागत नाही.

त्या माणसाच्या वाटेला जाऊ नका. त्याने शिक्षा भोगली. मला त्याचं काही नको, चांगलं नको, वाईट नको. टायरचं दुकान त्या रस्त्यावर आहे ना, मग तुम्ही दुसऱ्या रस्त्याने जा.

वहिनी

१९ मार्च

वहन, तमच खक मळल.

बघा, म्हणालात तसंच झालं. वहिनी, तुमचं खोकं मिळालं. हे पत्र तुमच्या कीबोर्डवर लिहितोय. पहिले काही दिवस मी शिव्याच टाइप केल्या, त्याही काने-मात्र्यांशिवाय, त्यामुळे कोणाला लागल्या नाहीत. आता हात बसतोय. खांदा खाली आला. डाव्या करंगळीची कळ तेवढी जड वाटते. खोलीत येणारा प्रत्येक जण विचारतो, याचा अपघात झाला का?

फिजिओबाई बघायला आल्या होत्या. डावा भाग बघून म्हणाल्या, "हा कोन कोणी ठरवला?" मी म्हटलं, वहिनीने, तिचाही तितकाच आहे, टाइप करून हात गेला. त्या हसल्या. "टाइप करून शिरा सुजतात, मनगट दुखतं. पण तळवा इथे येऊन अडतो तो हाड मोडून वाकडं बसल्यावरच. तुझ्या वहिनीचा हात मोडलेला आहे, आणि नीट बसवायला कोणी वेळेत नेलेलं नाही."

वहिनी, मला आठवलं. दादा जायच्या आधीच्या हिवाळ्यात मी सुट्टीवर आलो होतो तेव्हा तुमच्या हाताला प्लास्टर होतं. पायरीवरून पडले असं म्हणाला होतात. आणि गाडीच्या जागेवरून ड्रायव्हरशी पहिली बाचाबाची झाली तीही त्याच हिवाळ्यात, आपल्याच घरासमोर.

ढकललं त्याने तुम्हाला? की पिरगळला हात? म्हणून दादा एवढा पेटला होता का? जागेसाठी कोणी जीव देत नाही, हे मला पहिल्यापासून खटकत होतं. तुम्ही कोर्टात का बोलला नाहीत? खरं सांगा. माझी शपथ.

दीर

२६ मार्च

भाऊजी,

जुन्या गोष्टी आहेत, उकरू नका. शपथा घालू नका. डाव्या करंगळीची कळ जड वाटते म्हणालात, तिथे पाकिटातला पांढऱ्या दांडीचा स्विच बसवा, तो सगळ्यात हलका.

आईंना गोळ्या वेळेवर द्या.

वहिनी

३ एप्रिल

वहिनी,

तुम्ही "नाही" म्हणाला नाहीत. मला तेवढं पुरलं.

आज भरदुपारी गेलो. लपूनछपून नाही. दुकानात तो एकटा होता, उकिडवा बसून ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे बघत होता. मी म्हटलं, "ओळखलंस?" त्याने वर पाहिलं आणि लगेच ओळखलं. उठला नाही. म्हणाला, "तुझ्या भावाबद्दल मला रोज वाईट वाटतं." मी पाण्याचं पिंप त्याच्यावर लोटलं. तो मागे पडला तशी छातीवर लाथ घातली. टायर काढायची लोखंडी पट्टी तिथेच होती. पहिला फटका मांडीवर, दुसरा बरगड्यांवर. तो हात वर करत नव्हता, नुसता आक्रसत होता. त्याने मी आणखी चिडलो.

मग मी गुडघा त्याच्या छातीवर ठेवला, त्याचा डावा हात टायरच्या कडेवर आडवा धरला आणि म्हटलं, "हा माझ्या वहिनीच्या हाताबद्दल." तो म्हणाला, "कोण वहिनी? तुझ्या वहिनीला मी कोर्टाबाहेर कुठे पाहिलंच नाही." मी पट्टी हाणली. एका फटक्यात मोडलं नाही. तीन लागले. तिसऱ्याला हाड बाहेर आलं, पांढरं, आणि टायरवर रक्त ओघळायला लागलं. त्याची बायको डबा घेऊन आली तेव्हा मी तिथेच बसलो होतो. ती ओरडली नाही. तिने डबा खाली ठेवला, ओढणी सोडली आणि त्याचा हात बांधायला लागली, मी तिथे नाहीच अशी.

मी घरी आलो, आंघोळ केली, आईला गोळ्या दिल्या. हे लिहितोय तेव्हा खाली पोलिसांची जीप थांबली आहे. येऊ देत. मला पश्चात्ताप नाही. दादाचं अर्धं राहिलेलं काम मी पुरं केलं. तुम्ही आता शांत झोपा.

दीर

१० एप्रिल

तुला आज भाऊजी म्हणवत नाही. तू शाळेत जात होतास तेव्हा मी त्या घरात आले. मनातून तुला नेहमी अरे-तुरेच करत होते.

ड्रायव्हर खरं बोलला. त्याने मला कोर्टाबाहेर कधी पाहिलं नाही. माझा हात तुझ्या भावाने मोडला.

स्वयंपाकघराच्या दारात. मी कामाचे कागद घेऊन बाहेर चालले होते आणि तो म्हणाला, थांब. मी म्हटलं, येते तासाभरात. त्याने माझा हात दाराच्या चौकटीत धरला आणि दार ओढलं. शांतपणे, कपाट लावावं तसं. हाड मोडलं तेव्हा तो माझ्या तोंडाकडे बघत होता. डॉक्टरकडे आठ दिवसांनी नेलं, तेही सूज उतरेना आणि शेजारी विचारायला लागले म्हणून. पायरीवरून पडले हे वाक्य त्यानेच मला पाठ करायला लावलं. त्याआधी कानाचा पडदा फाटला होता. त्याआधी पोटात लाथ, आणि तेव्हा मी पोटुशी होते. हे कोणालाच माहीत नाही.

फोनवर तुझा आवाज त्याच्यासारखा येतो. माझ्या हातातून फोन गळून पडतो. तू त्याला प्रेम समजलास, मीही समजू दिलं.

आणि ते भांडण जागेचंच होतं रे. नुसतं जागेचं. मी वरच्या खिडकीतून पाहत होते. तुझ्या भावाने त्या माणसाला काचेतून बाहेर ओढलं, तोंडावर बुक्क्या घातल्या, आणि त्या माणसाने हाताला जे लागलं ते उचलून मारलं. पोलीस आले तेव्हा मी रडले. लोकांना वाटलं नवऱ्यासाठी. मी घरी जाऊन दाराला आतून कडी लावली आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत झोपले.

तुझ्या प्रश्नाला मी "नाही" लिहायला हवं होतं. दोनदा लिहिलं, दोनदा पुसलं. तुझ्याजवळ भाऊ म्हणून जे काही उरलं होतं ते हिसकावून घ्यायचं जिवावर आलं. माझ्या त्या भिडेची किंमत एका परक्या माणसाने हाताने चुकवली. पण पट्टी तू उचललीस. तीनदा. तो हात वर करत नव्हता, हे तूच लिहिलंस. तो भाग मी पुन्हा पुन्हा वाचला, कारण मीही हात वर करत नसे आणि तुझा भाऊही त्याने आणखी चिडायचा.

मला शांत झोप म्हणू नकोस.

२८ एप्रिल

वहिनी,

कोठडीत कीबोर्ड देत नाहीत. वाकडं अक्षर गोड मानून घ्या.

तुमचं पत्र वाचलं आणि भिंतीवर उजवा हात मारला. पुन्हा मारला. बरोबरच्या माणसाने मागून मिठी मारून खाली पाडलं, नाहीतर तो हातही गेला असता. मग लक्षात आलं, मला दुसरं काही येतच नाही. दुःख झालं, मार. लाज वाटली, मार. दादाने शिकवलं म्हणायची सोय होती, पण पट्टी उचलताना दादा नव्हता.

जेवणाच्या टेबलावर तुम्ही हसत असताना दादा तुमच्या मानेवर मागून हात ठेवायचा आणि तुम्ही गप्प व्हायचात. मी समोर बसून बघायचो. मला वाटायचं, किती माया आहे.

वकील म्हणतो, ड्रायव्हरने आधी शिवी दिली असं सांग, शिक्षा कमी होईल. मी नाही म्हटलं. जे केलं ते सगळं, ज्या क्रमाने केलं त्या क्रमाने सांगितलं आणि सही केली.

आईला काही माहीत नाही. ती भेटायला येते आणि म्हणते, "दादासाठी केलंस, देव बघतोय." मला जाळीपलीकडून तिला सांगता येत नाही. सांगू का? तुम्ही नको म्हणालात तर मरेपर्यंत तोंड उघडणार नाही. मला तुमच्याकडे काही मागायचा हक्क उरलेला नाही, तरी विचारतो: ती एकटी आहे, गोळ्या विसरते.

दीर

१४ मे

तुझं पत्र आलं आणि मी गाडी पकडली.

आधी हॉस्पिटलमध्ये गेले. ड्रायव्हरच्या हाताला बाहेरून लोखंडी चौकट लावली आहे, चार खिळे आत गेलेत. मी कोण ते सांगितलं. त्याची बायको उभी राहिली, मला वाटलं अंगावर येईल. मी बाही वर करून माझा हात तिच्यासमोर धरला आणि वळवायचा तेवढा वळवून दाखवला. कोणी मोडला तेही सांगितलं. तिने माझ्या मनगटाला बोट लावून पाहिलं. मग म्हणाली, "माझ्या नवऱ्याचाही असाच राहणार का?" मी म्हटलं, बहुधा. तिने तोंड फिरवलं. तारखेला मी कोर्टात येणार आहे आणि तिच्या बाकावर बसणार आहे. तुला वाईट वाटलं तर वाटू दे.

मग घरी गेले. सहा वर्षांनी तो जिना चढले. आईंनी दार उघडलं, माझ्या गालावरून हात फिरवला, पाणी दिलं. मी उभ्यानेच सांगितलं. सगळं. दार, चौकट, कान, पोट. त्या भाजी निवडत होत्या, निवडत राहिल्या. मला वाटलं ऐकू गेलं नाही, म्हणून पुन्हा सांगायला लागले, तर म्हणाल्या, "एकदा सांगितलंस ना."

मग म्हणाल्या, "मला माहीत होतं."

मी खाली बसले.

"तुझ्या खोलीतून आवाज यायला लागला की मी मिक्सर लावायचे," आई म्हणाल्या. "त्यात काही नसायचं. रिकामाच फिरवायचे, आवाज थांबेपर्यंत. एकदा तर जळला."

मी विचारलं, "आई, एकदा तरी दार का वाजवलं नाहीत?"

"तू हाक मारायला हवी होतीस गं."

"मारली होती. 'आई' अशीच मारली होती."

त्यांनी भाजीचं ताट बाजूला ठेवलं. हात पुसले, पदराला, बराच वेळ. म्हणाल्या, "मला वाटलं, तू तुझ्या आईला हाक मारतेयस."

मी त्या रात्रीच्या गाडीने परत जाणार होते, गेले नाही. आठवड्याच्या गोळ्या वेगवेगळ्या पुड्यांत बांधल्या, शेजारणीला समजावून दिल्या. रात्री त्यांनी माझं अंथरूण स्वतःच्या खोलीत घातलं. मी ते उचलून बाहेरच्या खोलीत आणलं, दाराला आतून कडी लावली आणि दिवा चालू ठेवून पडून राहिले. पलीकडे त्या रडत होत्या. मला स्पष्ट ऐकू येत होतं. मी उठले नाही.

वहिनी